पार्किंगमधल्या इंटरलॉकिंग टाइल्स दर उन्हाळ्यात का फुगतात आणि दुरुस्ती नेमकी कुठे करायची

एप्रिल संपत आला की जळगाव, भुसावळ, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात एक तक्रार हमखास निघते. दिवाळीच्या सुमारास पार्किंगमध्ये बसवलेली प्लास्टिकची इंटरलॉकिंग फरशी मधोमध किंवा मागच्या भिंतीजवळ उंटासारखी पाठ काढते. पावसाळ्यात बसते, माणूस विसरतो, आणि पुढच्या वैशाखात ती पुन्हा तिथेच उठते. दुकानदार म्हणतो बसवणाऱ्याने चूक केली, बसवणारा म्हणतो माल हलका निघाला. बहुतेक वेळा दुकानदाराचंच बरोबर असतं. टाइल सहसा निर्दोष असते. दुखणं भिंतीलगतच्या फटीत, खालच्या कोब्यात, म्हणजे सिमेंट-काँक्रीटच्या जमिनीत, किंवा ओलीत असतं.

फुगलेली टाइल उचकटून घाईने पुन्हा दाबून बसवणं हा सगळ्यात वाया जाणारा उद्योग. आधी एक-दोन दिवस नुसतं बघा.

कधी फुगते, कुठे फुगते

सकाळी सहाला आणि दुपारी तीनला, दोन्ही वेळा फुगवट्यावर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि तिच्या टोकाखालची उंची मोजा. सकाळी फुगवटा जवळपास नाहीसा होऊन दुपारी परत येत असेल तर ते उष्णतेचं काम आहे. दोन्ही वेळा उंची तेवढीच असेल तर टाइल उचलून खाली बघा. ओल, पांढरा खार किंवा कुबट वास सापडला तर पाण्याचा मामला. खाली सगळं कोरडं असेल पण कोब्याला आरपार तडा असून एक बाजू वर आली असेल तर जमीन हलली आहे. फुगवटा मुळीच नसून फक्त पुढच्या चाकांच्या जागी सांधे उघडत असतील तर दोष स्टिअरिंगचा.

ही चार दुखणी वेगळी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. खानदेशात पहिलं सर्वांत जास्त आढळतं, म्हणून त्यावर सविस्तर.

उष्णतेचं गणित

या फरशा मुख्यतः दोन प्रकारच्या मिळतात. एक मऊ, भरीव पीव्हीसीची, साधारण ५०० बाय ५०० मिमी, ५ ते १० मिमी जाड, कडेला कोड्याच्या तुकड्यासारखे दात. ७ मिमी जाडीची एक टाइल साधारण अडीच किलो भरते. दुसरी कडक पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे बाजारात जिला पीपी म्हणतात ती. हिला खाली पाय असतात, वरून जाळी किंवा ठिपके असतात, आणि दोन बाजूंना कड्या व दोन बाजूंना खुंट्या असतात.

प्लास्टिक तापलं की वाढतं, आणि काँक्रीटपेक्षा कितीतरी जास्त वाढतं. काँक्रीट एका मीटरमागे एका अंशाला सुमारे ०.०१ मिमी वाढतं. या टाइल्स मालाप्रमाणे ०.०७ ते ०.१५ मिमी वाढतात. हिशेबाला ०.१ धरू, म्हणजे कोब्याच्या दहापट. आता १८ फूट, म्हणजे साडेपाच मीटर लांबीचं पार्किंग घ्या. जानेवारीत सकाळी फरशी १२ अंशांवर होती तेव्हा टाइल्स बसवल्या. मेमध्ये जळगावची हवा ४४-४५ अंशांवर जाते. शटर पश्चिमेला असेल आणि ऊन आत चार फूट येत असेल तर तिथल्या टाइलचा पृष्ठभाग ५५ च्या पुढे सहज जातो. फरक ४३ अंशांचा. ५.५ गुणिले ४३ गुणिले ०.१ केलं की जवळपास २४ मिमी होतात. सगळं पार्किंग सारखं तापत नाही आणि पीपीच्या कड्यांमध्ये थोडा खेळ असतो, त्यामुळे प्रत्यक्षात एवढं सगळं कडेपर्यंत पोचत नाही. पण निम्मं पोचलं तरी १२ मिमी झाले, आणि त्यांना जायला जागा नसेल तर फरशी वरच उठणार. लांबीत १२ मिमी अडकले की मध्ये काही इंच उंच कमान निघते, कारण कमानीची उंची अडकलेल्या लांबीच्या कितीतरी पट असते. म्हणूनच भिंतीलगतच्या एवढ्याशा फटीसाठी एवढं बोलावं लागतं.

पीव्हीसीचे दात एकमेकांत घट्ट बसतात, त्यात खेळ जवळजवळ नसतो. त्यामुळे पीव्हीसीला भिंतीलगत मोकळी जागा ठेवणं पीपीपेक्षाही जास्त गरजेचं. प्रत्यक्षात उलटं होतं. पीव्हीसी मऊ आहे, "दबून जाईल", असं समजून ती भिंतीला चिकटवून कापली जाते.

फट होती, पण ती भरली

अनेक ठिकाणी बसवताना फट ठेवलेली असते आणि पहिला उन्हाळा सुरळीत जातो. दुसऱ्या वर्षापासून त्रास सुरू होतो. याचं कारण आपल्या मातीत आहे.

तापीकाठची काळी माती पावसाळ्यात टायरला चिकटून आत येते. गाडी उभी राहते, चिखल वाळतो, झाडताना तो बारीक भुगा होऊन भिंतीकडे सरकतो आणि फटीत पडतो. फरशी धुतली की पाणी त्याला खाली नेतं. दोन-चार वेळा असं ओलं-कोरडं झालं की फटीत मातीची वीटच तयार होते. होळीपर्यंत ती दगडासारखी कडक झालेली असते, आणि नेमकं तेव्हाच टाइलला वाढायला जागा हवी असते. शेताच्या वाटेवरून येणारा ट्रॅक्टर किंवा पिकअप आत लावत असाल तर एका पावसाळ्यातच फट भरते.

तपासायला हेक्सॉचं जुनं ब्लेड पुरे. ते साधारण अर्धा इंच रुंद असतं. भिंतीलगत फटीत उभं घाला आणि ओढत न्या. जिथे अडकेल किंवा तळाला टेकणार नाही, तिथे फट बुजली आहे. फुगवटा बहुतेक वेळा त्या जागेच्या समोरच्या रेषेत सापडतो.

फट साफ करायची ती कोरडी. ब्लेडने किंवा पेचकसाने माती फोडा आणि व्हॅक्यूमने ओढा. ब्लोअरने उडवली तर ती समोरच्या फटीत जाऊन बसते. पाणी मारू नका. काळ्या मातीला पाणी दाखवलं की ती लेप होऊन टाइलखाली पसरते, आणि मग सगळी फरशी उचलल्याशिवाय निघत नाही. ही सफाई वर्षातून एकदा, होळीच्या आधी.

मातीखेरीज फट बुजवणारे आणखी काही उमेदवार आहेत: व्हाइट सिमेंट, पीओपी, सिलिकॉन. गवंड्याला उघडी फट बघवत नाही, तो जाता जाता "दिसायला बरं" म्हणून भरून टाकतो. कामाच्या आधीच बजावून ठेवा. सिलिकॉन लवचीक असलं तरी २५ मिमीची हालचाल त्याला झेपत नाही. शिवाय ते टाइलला भिंतीशी चिकटवून टाकतं, आणि आपल्याला नेमकं तेच नको आहे.

मे महिन्यात फुगलेली असताना काय करावं

वर वजन ठेवून किंवा रबरी हातोड्याने ठोकून फुगवटा बसवू नका. तो दुसरीकडे उठतो किंवा कड्या तुटतात. गाडी बाहेर काढा. मागच्या भिंतीची शेवटची ओळ सोडवा, बहुतेक वेळा फुगवटा लगेच पुढे सरकून बसतो. मग त्या ओळीच्या भिंतीकडच्या कडेतून १० ते १२ मिमी कापा आणि ओळ परत लावा. हे काम दुपारीच करा. टाइल त्या वेळी जास्तीत जास्त वाढलेली असते, म्हणून तेव्हा बसली की वर्षभर बसते. सकाळी कापून नेमकी बसवली तर दुपारी पुन्हा तीच गत.

दुपारचा आणखी एक फायदा असा की पीव्हीसी गरम असताना चांगल्या कटर ब्लेडने दोन-तीन ओढींत कापली जाते. पीपीला बारीक दातांची जिगसॉ लागते. ग्राइंडर लावला तर प्लास्टिक वितळून कडेला गाठी होतात आणि त्याच गाठी पुन्हा भिंतीला टेकतात.

कड उचलताना हातमोजे घाला. जाळीच्या टाइलखाली गारवा असतो, विंचवाला तो आवडतो.

नव्याने बसवताना: १० बाय १८ फुटांचं उदाहरण

क्षेत्रफळ १८० चौरस फूट, म्हणजे १६.७ चौरस मीटर. ५०० मिमीच्या टाइल्स एका चौरस मीटरला चार, म्हणून ६७ आणि वर दहा टक्के, असा हिशेब दुकानात होतो. पण टाइल्स क्षेत्रफळावर नव्हे, ओळींवर मोजायच्या असतात.

रुंदी ३०४८ मिमी. सहा टाइल्स म्हणजे ३००० मिमी, उरले ४८. इथे दोन रस्ते आहेत. पहिला असा: मध्ये पाच पूर्ण टाइल्स, दोन्ही बाजूंना साडेसव्वीस सेंटिमीटरच्या कापलेल्या, आणि भिंतीलगत १० मिमीच्या आसपास फट. दिसायला नेटकं, पण कापलेला तुकडा अर्ध्याहून मोठा असल्याने एका टाइलमधून एकच निघतो. सात उभ्या ओळी गुणिले अकरा आडव्या, एकूण ७७ टाइल्स लागतात, ६७ नाही. दुसरा रस्ता म्हणजे सहाच पूर्ण ओळी, दोन्ही बाजूंना २४ मिमीची मोकळी फट, आणि तिच्यावर भिंतीला लावलेला ४० मिमीचा ॲल्युमिनियमचा एल अँगल, म्हणजे काटकोनात वळलेली पट्टी. टाइल्स लागतात ६६, रुंदीत एकही काप नाही. आपल्या हवामानात आणि आपल्या मातीत दुसरा रस्ता सरस. फट मोठी राहते, झाकलेली राहते, आणि माती पडण्याचं प्रमाण बरंच घटतं. सहा टाइल्स लावून उरलेल्या जागेत तीन सेंटिमीटरची चिंधी कापून घालण्याचा तिसरा रस्ताही लोक काढतात. ती चिंधी पहिल्याच उन्हाळ्यात उभी राहते.

लांबीत शटरकडे उताराची पट्टी साधारण ६५ मिमी, मग दहा पूर्ण टाइल्स, शेवटची अकरावी सुमारे ४० सेंटिमीटरला कापलेली, आणि मागे २५ मिमी फट. उताराच्या पट्ट्या ५०० मिमीच्या सहा. एल अँगल १२ फुटी मिळतात. दोन बाजूंचे ३६ फूट आणि मागचे १० मिळून चार नग लागतात. दर दीड फुटाला एक स्क्रू, म्हणजे प्लगसह ३५ स्क्रू.

अँगल भिंतीत बसवायचा, टाइलमध्ये नाही. बसवताना त्याच्या आणि टाइलच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची पट्टी ठेवा, स्क्रू आवळा, मग पुठ्ठा ओढून काढा. मिलिमीटर-दीड मिलिमीटरची जागा उरते आणि टाइल अँगलखाली मोकळी सरकते. पुठ्ठा न ठेवता आवळलेला अँगल टाइलला चेपून धरतो. मग फट असून नसल्यासारखी.

कामाचा क्रम असा. खोके आदल्या दिवशी त्याच जागेत उघडून टाइल्स सपाट पसरून ठेवा. उन्हात उभ्या टेम्पोतून थेट फरशीवर आणू नका. कोबा झाडून, खरवडून साफ करा. दहा फुटी ॲल्युमिनियमची फंटी, म्हणजे सरळ पट्टी, सगळीकडे फिरवा. खाली ५ मिमीपेक्षा जास्त पोकळी दिसेल तिथे पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरा, उंचवटा ग्राइंडरने उतरवा. मधोमध सुताने रेघ मारा आणि गुण्या लावून शटरला काटकोन तपासा. शटर आणि मागची भिंत क्वचितच समांतर असतात, म्हणून रेघ शटरवरून धरा आणि वाकडेपणा मागच्या कापलेल्या ओळीत जाऊ द्या. शटरकडून सुरुवात करा. पीपीच्या कड्या नेहमी पुढची ओळ येणार त्या बाजूला ठेवा, म्हणजे नव्या टाइलची खुंटी वरून कडीत बसते. एक टाइल जरी फिरली तरी पुढची अख्खी ओळ लागत नाही. मध्ये दहा-बारा टाइल्स झाल्या की उभं राहून रेघ बघा. पीव्हीसीच्या दातांवर रबरी हातोडा, पीपीच्या कडीवर टाच पुरते.

खाली फोम नको. आवाज मरावा म्हणून फोम अंथरला की प्रत्येक चाकाबरोबर टाइल खाली दबते, आणि महिन्याभरात कड्या तुटू लागतात.

बसवायला ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी चांगला, तेव्हा फरशी २५-३० अंशांच्या आसपास असते. जानेवारीच्या थंडीत बसवत असाल तर वर सांगितलेली फट पूर्ण ठेवा. मेमध्येच काम करावं लागलं तर मागे ८-१० मिमी पुरे. तेव्हा जास्त ठेवलीत तर डिसेंबरात टाइल आक्रसून अँगलबाहेर डोकावते.

फरशी एकाच बाजूला बांधा, दोन्हीकडे कधीच नाही

ब्रेक लागला की पुढची ओळ सरकते, म्हणून ती चिकटवली जाते. त्यात चूक नाही. शटरकडची उताराची पट्टी आणि पहिली ओळ दुतर्फी टेपने किंवा चिकटद्रव्याने पक्की करा. मात्र मग सगळी वाढ मागे जाणार, म्हणून मागची फट पूर्ण २५ मिमी हवी, आणि बाजूच्या फटी मोकळ्या.

खरा घोटाळा पुढे होतो. मागच्या भिंतीला लोखंडी कपाट, धान्याची कोठी, नाहीतर खताच्या गोण्या येतात. युरियाच्या ४५ किलोच्या २० गोण्या म्हणजे ९०० किलो. पुढची ओळ चिकटवलेली, मागची ९०० किलोखाली. आता फट रिकामी असली तरी तिचा उपयोग नाही, टाइल तिथपर्यंत सरकूच शकत नाही, आणि फुगवटा नेमका दोघांच्या मध्ये निघतो. कायमचं वजन असेल त्या जागेत टाइल टाकूच नका. कपाटाचे पाय थेट कोब्यावर ठेवा आणि टाइल त्याच्या अलीकडे फट ठेवून संपवा. खताच्या गोण्या तशाही लाकडी पाटावर हव्यात. युरिया ओल ओढतो, त्याचं पाणी टाइलखाली गेलं की ती जागा वाळत नाही.

शटरची खालची पट्टी टाइलवर टेकत असेल तर तोही एक खिळाच समजा. टाइल शटरच्या आतच संपवा. बाहेर काढलेली ओळ उन्हात रंग सोडते आणि आतल्यांपेक्षा कितीतरी जास्त वाढते, ते वेगळंच. ऊन आत येत असेल तर पहिल्या दोन-तीन ओळींत काळा रंग टाळा.

पाणी: टाइलखालचं आणि तळघरातलं

टाइल ओल थांबवत नाही, फक्त झाकते. भरीव पीव्हीसी तर खालची वाफ बाहेरच जाऊ देत नाही. मग खार फुटतो, पावलाखाली कुरकुर वाजते, कुबट वास येतो. खार कोरड्या ब्रशने झाडून व्हॅक्यूम करा. ॲसिडने धुऊ नका, ॲसिड कोबा खातं आणि पुढे जास्त खार फुटतो.

ओल खालून येते की हवेतून, हे ओळखायला दीड फूट चौरस जाड पारदर्शक प्लास्टिक कोब्यावर पसरून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि २४ तास ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब किंवा खाली काळपट डाग दिसला तर ओल जमिनीतून येतेय. वरच्या बाजूला थेंब असतील तर पावसाळी दमट हवा थंड फरशीवर घाम धरतेय, तिला हवा खेळती ठेवणं आणि पंखा एवढंच पुरतं. ही चाचणी ऑगस्टमध्ये करायची. मेमध्ये खानदेशातला जवळपास प्रत्येक कोबा पास होतो आणि तिथेच फसगत होते. नवा कोबा असेल तर किमान २८ दिवस थांबा, आणि त्यानंतरही प्लास्टिकची चाचणी करूनच टाइल टाका.

जमिनीतून ओल येत असेल तर आधी बाहेर बघा. छताच्या पन्हळीचं पाणी भिंतीच्या पायाशी पडतंय का, मोरीचं पाणी मुरतंय का, घराभोवती प्लिंथ प्रोटेक्शन, म्हणजे पायालगतचा उताराचा कोबा, आहे का. काळी माती पाणी धरते आणि आठवडेच्या आठवडे सोडत नाही, त्यामुळे पाऊस थांबून पंधरा दिवस झाले तरी तळघराची भिंत पाझरत राहते. भिंतीपासून बाहेरच्या बाजूला तीन फूट रुंद, उताराचा कोबा आणि पुढे पाणी वाहून नेणारी नाली, एवढ्याने बऱ्याच तळघरांचं काम होतं. तरीही पाझर राहिला तर आतून भेगांमध्ये ग्राउटिंग, म्हणजे पातळ मसाला दाबून भरणं, आणि कोपऱ्यात पंपाचा खड्डा. अशा जागी टाइल घ्यायचीच तर पायांवर उभी, जाळीची पीपी घ्या. तिच्याखालून पाणी नालीकडे वाहतं, बशर्ते कोब्याला ढाळ असेल. १०० मिमीला एक मिमी तरी हवा. नवापूर, धडगावकडे पाऊस जास्त असतो, तिथे तळघरात भरीव पीव्हीसीचा विचारच सोडा.

जाळीच्या टाइलखाली माती साचते. पावसाळ्यानंतर चाकांच्या रेषेतल्या ओळी उचलून एकदा खालून झाडा. शटरबाहेर तीन-चार फूट खडी टाकली तर टायरचा निम्मा चिखल तिथेच गळतो. हा सगळ्यात स्वस्त इलाज आहे आणि फारच कमी लोक तो करतात.

कोबाच हलतो तेव्हा

काळ्या मातीवर मुरमाचा पुरेसा भराव न टाकता केलेला कोबा पावसाळ्यात उचलला जातो आणि उन्हाळ्यात खचतो. भेग मेमध्ये रुंद होते, सप्टेंबरात मिटते. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीची एकेक खूण करून त्यांच्यातलं अंतर दोन्ही ऋतूंत मोजा. हालचाल दोन-तीन मिमीची असेल आणि दोन्ही कडा एकाच पातळीत असतील तर भेग पॉलियुरेथेन सीलंटने भरा, टाइल तिच्यावरून सुखाने जाते. सिमेंटने भरलेली भेग पुढच्या पावसाळ्यात शेजारीच नवी फुटते. एक कड तीन मिमीपेक्षा वर आली असेल तर ती घासून उतरवा किंवा खालची बाजू दोन-तीन फुटांपर्यंत उतरती भरत न्या. सबंध कोबाच पाठ काढत असेल तर टाइलवर पैसे घालू नका. काळी माती काढून मुरूम भरायचा, कुटायचा, आणि नवा कोबा करायचा. खर्चिक आहे, पण दुसरा मार्ग नाही.

चाकं, स्टँड, डाग

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की तीनेकशे किलोचा भार एका पंज्याएवढ्या जागेवर टाइल पिळतो. सांधे तिथेच उघडतात. गाडी हलत असतानाच स्टिअरिंग वळवा. तरी एकाच जागी कडी तुटत असेल तर तेवढ्या चार टाइल्स जाड घ्याव्यात असं वाटतं, पण जाडी बदलली की कडा जुळत नाहीत, म्हणून सुरुवातीलाच सगळी फरशी त्याच जाडीची ठरवा. मोटारीला ७ मिमी पीव्हीसी चालते, ५ मिमी फक्त दुचाकीला.

साइड स्टँडखाली चार इंच चौरस लोखंडी पट्टी ठेवा, विशेषतः जड मोटरसायकलला. जॅक लावायचा तर १८ मिमी प्लायचा तुकडा खाली हवा.

पीव्हीसीवर टायरखाली पडणारा तपकिरी-पिवळा डाग साबणाने, रॉकेलने, कशानेच निघत नाही. तो वरून बसलेला मळ नसून रबरातली द्रव्यं प्लास्टिकमध्ये मुरल्याने पडलेला रंग असतो. रबरी पायपुसणंही तसाच डाग पाडतं. चाकांच्या जागी मध्यम करडा रंग घ्या, तो डागही लपवतो आणि काळ्याएवढा तापत नाही. डाग अजिबातच नको असेल तर पीपी. पीव्हीसीवर पेट्रोल सांडलं तर लगेच पुसा, पेट्रोल तिच्यातला मऊपणा ओढून घेतं, टाइल कडक होऊन आक्रसते. जाळीच्या टाइलवर सांडलेलं पेट्रोल खाली साचून राहतं, म्हणून त्या जागेच्या टाइल्स उचलून कोबा पुसेपर्यंत तिथे वेल्डिंग किंवा ग्राइंडरची ठिणगी नको.

बोअरच्या जड पाण्याने धुतलं की पांढरे ओघळ राहतात. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा, पाइप लावून धुणं टाळा. तेच पाणी फटीत माती नेतं.

आणि खरेदी करताना पाच-सहा टाइल्स जादा, त्याच खोक्यांच्या लॉटमधल्या. दोन वर्षांनी त्याच नावाची टाइल आणली तरी साचा बदललेला असू शकतो. रंगाचा फरक एक वेळ चालवून घेता येतो, पण कडी अर्ध्या मिलिमीटरने लहान निघाली तर ती टाइल तिथे लागतच नाही. जादा टाइल्स सपाट ठेवा. भिंतीला उभ्या टेकवल्या तर उन्हाळ्यात वाकतात आणि मग बसवताना एक कोपरा सतत वर राहतो.